‘उचित’ या एका शब्दाला फसलो : रुंदीकरणाच्या कागदावर सही करण्याआधी वाचा

बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, भर पेठेत आमची जुनी इमारत आहे. खाली दुकान, वर घर. प्रकरण अजून मिटलेलं नाही म्हणून गावाचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही. पण झालं ते सगळं लिहितो, कारण हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं.

दिवाळीनंतर रस्ता रुंदीकरणाची चर्चा सुरू झाली. एका सकाळी बोळाकडच्या भिंतीवर तांबडी रेघ मारलेली दिसली, उंबऱ्यापासून ५ फूट आत. पायरी, कट्टा आणि काउंटर सगळंच त्यात जाणार होतं. दुकानाची रुंदी १४ फूट, म्हणजे ७० चौरस फूट जागा. वडिलांनी पै पै जोडून घेतलेली. त्या रात्री झोप लागली नाही.

दोन दिवसांनी तो आला. आमच्याच गल्लीतला, मराठी, गणपतीची वर्गणी गोळा करायला दरवर्षी येणारा. कानडी अस्खलित बोलतो, त्यामुळे सरकारी कचेरीत काम पडलं की आम्ही सगळे त्यालाच पुढे करायचो. म्हणाला, “अण्णा, तुम्ही कशाला काळजी करतासा? साहेबांशी बोलणं झालंय. जागामालकांच्या वतीने मीच वाटाघाटी करतोय. तुमची रेघ ३ फूट समोरच्या बाजूला सरकवतो. उरलेल्या २ फुटांना योग्य भाव मिळेल.” त्यासाठी ४० हजार रोख मागितले. जाताना हळूच म्हणाला, “फक्त समोरच्यांना सांगू नका, बोंबलतील.”

त्याच वेळी उठून समोरच्या दुकानात जायला हवं होतं. मी गेलो नाही. आपली जागा वाचतेय एवढंच डोक्यात होतं, आणि ती दुसऱ्याच्या जिवावर वाचतेय हेही मला कळत होतं. याची आजही लाज वाटते.

आठवड्याने तो स्टँप पेपरवर टाइप केलेली दोन पानं घेऊन आला. सगळं कानडीत. मला बाजारापुरतं कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. त्याने भराभर वाचून दाखवलं. “रस्ते अगलीकरणक्के… उचितवागि बिट्टु कोडलु ओप्पिरुत्तेने.” मी थांबवून विचारलं, उचित म्हणजे? तो हसला. “उचित म्हणजे उचितच की अण्णा, मराठीच शब्द आहे. योग्य मोबदला.” मी दोन्ही पानांवर सही केली. नोटरीचा शिक्का नंतर मारला असणार, मी कुठल्याही नोटरीसमोर उभा राहिलेलो नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर पुढचा भाग रिकामा करा असा निरोप आला. मी मोबदल्याचं विचारलं तेव्हा माझ्याच सहीच्या कागदाची झेरॉक्स हातात ठेवली. घरी नववीतल्या मुलीने ती वाचली आणि म्हणाली, “बाबा, शक्ती योजनेत बायकांना बसमध्ये ‘उचित प्रयाण’ असतं ना? तेच हे. उचित म्हणजे फुकट.”

ती शाळेत कानडी शिकते. सही केली तेव्हा ती वरच अभ्यासाला बसली होती.

बेळगावच्या वकिलांनी तासभर बसवून समजावलं. रस्त्यासाठी सक्तीने जागा घ्यायची तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी ६० दिवस मिळतात, आणि बाजारभावाने ठरलेल्या रकमेवर आणखी १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. रक्कम कमी वाटली तर ती घेताना ‘हरकत राखून’ असं लेखी नोंदवायचं, नाहीतर वाढीव मागणीचा हक्क जातो. दुसरा मार्ग कर्नाटकच्या १९६१ च्या नगररचना कायद्यातल्या कलम १४-ब चा. मालकाने जागा विनामोबदला दिली तर बदल्यात बांधकामाच्या हक्काचं प्रमाणपत्र मिळतं, त्याला डीआरसी म्हणतात. माझ्या कागदात रकमेचाही उल्लेख नव्हता आणि डीआरसीचाही. नुसतं फुकट.

दोन गोष्टींनी थोडा धीर आला. स्थावर मालमत्ता दान करायची तर दोन साक्षीदारांच्या सहीने नोंदणीकृत दस्त लागतो. नुसत्या नोटरीच्या कागदाने मालकी जात नाही. आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर माझ्यासोबत पुण्याच्या भावाचं आणि बहिणीचंही नाव आहे, त्यांचा हिस्सा माझ्या एकट्याच्या सहीने देता येत नाही. उतारा घरात असून मी तो सहीआधी काढून पाहिला नव्हता. आता तिघांच्या सहीची लेखी हरकत देऊन शिक्क्याची पोच घेतली आहे. अशा प्रकरणात तोंडी काही करू नका. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आणि कानडी कागद असेल तर मध्यस्थाचा संबंध नसलेल्या माणसाकडून शब्द न् शब्द वाचून घ्या.

४० हजारांची पावती नाही. तो फोन उचलत नाही, घराला कुलूप आहे.

शेवटी समोरच्या दुकानात गेलो. काका आधी काही बोलेनात. मी माझा कागद काढून ठेवला तेव्हा त्यांनी गल्ल्याखालून त्यांचा काढला. तोच मजकूर, तोच शिक्का. त्यांनी ३० हजार दिले होते, त्यांची रेघ माझ्या बाजूला सरकवायला. त्यांनाही सांगितलं होतं, समोरच्यांना कळू देऊ नका.

पोलिसांत आम्ही दोघांनी मिळून तक्रार दिली आहे. त्या संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावर टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. आधी माझी रेघ मोजली, मग त्यांची. दोन्ही ५ फूट. पहिल्या दिवशी होत्या तिथेच.