एनर्जी पॉलिसी सिम्युलेटर: फुकट आहे, भारी आहे, पण विधेयक तुम्हालाच वाचावं लागतं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात राहणाऱ्यांना माहितीये, राजधानी स्प्रिंगफील्डला विजेसंबंधी कुठलंही विधेयक आलं की दोन्हीकडून मेलचा मारा सुरू होतो, एक म्हणतो आता पृथ्वी वाचली, दुसरा म्हणतो लाईटबिल दुप्पट होणार, आणि दोघंही म्हणतात विटनेस स्लिप भरा, म्हणजे विधेयकाला पाठिंबा की विरोध ते नोंदवायचा फॉर्म. आता स्लिपवर सपोर्ट की विरोध हे आकडा बघून ठरवायचं असेल तर एखाद्या धोरणाने कार्बन उत्सर्जन किती बदलेल ते दाखवणारं, सामान्य माणसाला परवडेल असं हे एकच टूल मला सापडलंय. ५ पैकी ४ स्टार, उरलेला एक का कापला ते सांगतो.

हे सॅन फ्रान्सिस्कोच्या एनर्जी इनोव्हेशन या धोरण-अभ्यास संस्थेने बनवलंय, राज्यांच्या मॉडेलमध्ये आरएमआय ही ऊर्जेवर काम करणारी संस्था पण आहे. अलास्का आणि हवाई सोडून बाकी ४८ राज्यं आहेत, पैसे नाहीत, ओपन सोर्स आहे, ब्राउझरमध्येच चालतं. राज्य निवडा, मग वाहनं, इमारती, वीज, उद्योग, शेती असे विभाग, त्यात स्लायडर. स्लायडर सरकवला की २०५०पर्यंतचा उत्सर्जनाचा ग्राफ बदलतो, शिवाय खर्च, नोकऱ्या, हवा सुधारल्यामुळे टळणारे मृत्यू हेही दिसतं. लॅपटॉपवरच करा हं, एवढे स्लायडर फोनवर बोटाने कुठे सरकवत बसणार.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे हे एकेका उपायाची नुसती बेरीज करत नाही. गाड्या इलेक्ट्रिक केल्या पण वीज कोळशाचीच राहिली तर फायदा कमी, वीज स्वच्छ झाली की त्याच गाड्यांचा फायदा वाढतो, हा सगळा गुंता मॉडेल स्वतः धरतं. विधेयकाच्या जाहिरातीत प्रत्येक कलमाने वाचणारे कार्बनचे टन वेगवेगळे मोजून शेवटी बेरीज मारलेली असते ना, ती इथे लगेच उघडी पडते.

आता कापलेला स्टार. उदाहरण म्हणून आमचा २०२१चा सीजा घ्या, म्हणजे क्लायमेट अँड इक्विटेबल जॉब्स अ‍ॅक्ट. त्यात २०३०पर्यंत १० लाख ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या, रस्त्यावर आणायचं लिहिलंय. पण स्लायडर विचारतो की दरवर्षी विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी किती टक्के ईव्ही असणं सक्तीचं? रस्त्यावरची एकूण संख्या वेगळी आणि विक्रीतला वाटा वेगळा, जुन्या गाड्या दहा-बारा वर्षं आरामात पळतात. आणि मुख्य म्हणजे ते १० लाख हे ध्येय आहे, सक्ती नाही, कायद्याने हातात दिलं ते गाडी घेतल्यावर मिळणारं ४००० डॉलरपर्यंतचं रिबेट. तुम्ही ध्येयाला सक्ती समजून स्लायडर टाकला की ग्राफ असा काही सुंदर खाली येतो की विचारू नका, पण तो त्या कायद्याचा ग्राफच नाही! टूलची यात चूक नाही म्हणा, पण कलमातली भाषा बघून स्लायडर कसा लावायचा हे नवख्याला जरा हात धरून दाखवायला हवं होतं.

तारखांचंही तसंच. उपाय आपोआप हळूहळू चढत जातो असं धरलं की कायद्यातल्या तारखा पुसल्या जातात. सीजात कोळसा आणि गॅसचे प्लांट २०४५पर्यंत बंद करायचेत, मधे टप्पे आहेत, प्रेरी स्टेटच्या मोठ्या कोळसा प्लांटला वेगळी सूट आहे. त्यामुळे शेड्यूलमध्ये जाऊन वर्षं हाताने भरा, कंटाळा करू नका. कार्बन हवेत साठत जातो, त्यामुळे २०५०चा शेवटचा आकडा तोच आला तरी मधली वर्षं कशी गेली याने एकूण टन खूप बदलतात.

अजून एक, राज्याची हद्द. इलिनॉयची निम्म्याहून जास्त वीज अणुऊर्जेची, पण उत्तरेकडची ग्रिड पीजेएममध्ये आणि दक्षिणेकडची मायसोमध्ये, ही दोन्ही अनेक राज्यांची मिळून विजेची जाळी, तारा काही इंडियानाच्या सीमेवर थांबत नाहीत. इथला गॅस प्लांट बंद झाला आणि तेवढी वीज तिकडच्या कोळशावर आली तर आमचा ग्राफ छान दिसेल, हवेला काय फरक पडला? म्हणून आयात-निर्यातीचे ग्राफ उघडून बघितल्याशिवाय उत्सर्जनाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

काहीच बदललं नाही तर काय होईल ही जी मूळ रेषा असते, तीही आधी तपासा. केंद्राच्या २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टच्या सवलती तिच्यात धरल्या असतील तर लक्षात ठेवा की नव्या ईव्हीवरची ७५०० डॉलरपर्यंतची केंद्राची सवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली. रेषा जुनी असेल तर राज्याच्या कायद्याचं श्रेय कमी दिसतं, कारण ते काम केंद्र करतंय असं आधीच मानलेलं असतं.

खरं तर विधेयकाने उत्सर्जन किती बदलेल हे मोजायचं काम विधिमंडळाच्या स्टाफनेच करावं. कोलोरॅडोत २०१९च्या कायद्याने निवडक विधेयकांसाठी तसे रिपोर्ट होतात. भारतात विधेयकाला खर्च सांगणारं वित्तीय ज्ञापन जोडतात तसंच, फक्त रुपयांऐवजी टन.

भारताचं मॉडेलही आहे, डब्ल्यूआरआय इंडिया या संशोधन संस्थेबरोबर केलेलं, खेळून बघायला मस्त. पण ते अख्ख्या देशाचं आहे, त्यातला आकडा उचलून नागपूर अधिवेशनातल्या एखाद्या विधेयकाला चिकटवू नका.