तुंबडीवाल्याने दादाचे चोवीस हजार नेले

बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूरकडच्या मागावर काम करणाऱ्यांनो, हे नीट वाचा. दिवसभर उभं राहून ज्यांच्या पायाच्या शिरा फुगल्यात, त्यांनाच हे लोक हेरतात.

माझा थोरला भाऊ वडगावात पॉवरलूमवर असतो. डाव्या पोटरीवर निळ्या शिरा गाठीगाठींनी वर आलेल्या. बसस्टॉपवर एक भला दिसणारा माणूस जवळ आला. "काय ओ मामा, आमच्या वडिलांचं पण असंच होतं की. एका वैद्यानं मोकळं केलं बघा." नंबरही दिला. वैद्य घरी आला. दादाला आडवं करून पाय उशांवर चढवला, बारीक चिरा देऊन तुंबड्या, म्हणजे रक्त ओढून घेणारे पेले, लावल्या. तुंबडीला ६०० रुपये. किती लागतील ते आधी सांगितलंच नाही. शेवटी मोजल्या ४०! वहिनीनं भिशीचे पैसे काढून दिले.

त्यानं दोन पुरावे दाखवले. एक, काळं गोठलेलं 'खराब' रक्त. अहो, शिरेतलं रक्त गडदच असतं, आणि बाहेर काढलं की कुणाचंही गोठतं. दुसरा, सपाट झालेल्या शिरा. पाय उंच करून झोपलं की त्या तशाही सपाट होतात, घरी करून बघा. रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरेत झडपा असतात. त्या निकामी झाल्या की उभं राहताच रक्त पुन्हा साचतं. दादा चालायला लागला तशा शिरा परत वर आल्या. तोवर वैद्याचा फोन बंद!

पैशापेक्षा मला राग आहे तो जखमेचा. घोट्याजवळच्या चिरा भरल्याच नाहीत, तिथं उघडी जखम झाली. डॉक्टरांनी शिरेतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करून दोष कुठे आहे ते शोधलं. आता घट्ट बँडेज चालू आहे, पुढे लेसरने ती शीर बंद करतील. ती बंद झाली तरी रक्त आतल्या खोल शिरांतून जातं. दाब देणारे मोजेही मिळतात, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. धमन्या अरुंद असतील तर तेच मोजे घातक ठरतात. मागावर उभं असताना टाचा वर-खाली करत राहा, पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात.

शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर आत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याने नोंदणी लागते. घरी येऊन चिरा देणाऱ्याला ती आधी विचारा. दादाने पोलिसात तक्रार दिली आहे. तुमच्याकडेही असा कोणी येऊन गेला असेल तर तुम्हीही द्या.