लग्नपत्रिकेची प्रतिमा आणि पॉपलर : एका लग्नसराईचा अनुभव

अंबाजोगाईत डीटीपीचे काम करताना हल्ली छापील लग्नपत्रिकेइतकीच मागणी मोबाइलवर पाठवायच्या पत्रिकेला असते. गेल्या हंगामापर्यंत मी वर्डची फाइल एका फुकट संकेतस्थळावर चढवून तिची प्रतिमा करून घेत असे. मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घरची पत्रिका तिथून बाहेर आली, तेव्हा मथळ्यातील ‘श्री योगेश्वरी प्रसन्न’मधला ‘श्व’ फुटून त्याच्या ‘श’चा पाय मोडलेला दिसत होता आणि वराच्या नावाआधीच्या ‘चि.’ची वेलांटी ‘च’ला सोडून ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसली होती. मला फोन आला तो सगळ्या पाहुण्यांना पत्रिका पाठवून झाल्यावर!

तेव्हापासून मी पॉपलर वापरतो. एक्सपीडीएफ या जुन्या प्रकल्पातून २००५ मध्ये निघालेले, पीडीएफ फाइल हाताळणारे हे मुक्त आणि मोफत साधन आहे. त्यातील दोन छोटे प्रोग्रॅम माझ्या कामाचे आहेत : फाइलमधील फॉन्टची यादी देणारा पीडीएफफॉन्ट्स आणि पानाची प्रतिमा करणारा पीडीएफटूपीपीएम. त्यांतला पहिला मला अधिक मोलाचा वाटतो, कारण बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर झाला हे त्याच्यामुळे कळते. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आणि त्यांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. त्यामुळे फॉन्ट फाइलमध्येच बसवलेला असेल, तर प्रतिमा करताना वेलांटी आपोआप सरकत नाही. ती सरकली असेल, तर वर्डची पीडीएफ करतानाच, म्हणजे त्या संकेतस्थळाच्या यंत्रावर योग्य देवनागरी फॉन्ट नसल्यामुळे किंवा जोडाक्षरांची जुळणी न जमल्यामुळे, सरकलेली असते. म्हणून मी आता पीडीएफ माझ्याच संगणकावर करतो आणि यादीतील ‘एम्ब’ या, फॉन्ट फाइलमध्ये बसवलेला आहे का हे सांगणाऱ्या रकान्यात प्रत्येक फॉन्टपुढे ‘येस’ आहे ना, हे पाहतो.

तिथे ‘नो’ दिसले, की त्या फॉन्टऐवजी संगणक हाताशी असलेला दुसरा फॉन्ट लावणार हे ठरलेले. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टच्या बाबतीत हे फार महागात पडते, कारण त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ ही चिमुकल्यांची ओळ मी अशाच कारणाने रोमन अक्षरांच्या कडबोळ्यात गेलेली पाहिली आहे.

पीडीएफटूपीपीएमला काही सांगितले नाही, तर तो १५० डीपीआयची, म्हणजे दर इंचाला १५० ठिपक्यांची, प्रतिमा देतो. त्यात मोठी अक्षरे ठीक दिसतात, पण खालच्या ‘विवाहस्थळ’च्या बारीक ओळीतील अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. मी ३०० वापरतो. ए-४ पानाची प्रतिमा तेव्हा २४८० बाय ३५०८ पिक्सेलची होते. स्वरूप पीएनजी ठेवतो, कारण जेपीईजीच्या दाबणीत अक्षरांच्या कडांभोवती धुरकट ठिपके उमटतात.

तोरणाच्या आणि गणपतीच्या चित्रात एकमेकांना चिकटलेल्या रंगीत भागांमध्ये केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसण्याचा दोष मात्र इथेही येतो. कडा गुळगुळीत करण्याच्या प्रक्रियेमुळे त्या उमटतात. रेखाचित्रांपुरती ती प्रक्रिया बंद करण्याची सोय आहे. मात्र मग कडा दातेरी होतात. ६०० डीपीआयला प्रतिमा काढून ती निम्म्यावर आणली, तर रेघा बऱ्याच पुसट होतात, आणि मला हाच मार्ग बरा वाटला. आणखी एक खोच अशी, की पान क्रॉप केलेले असले तरी वेगळी सूचना दिल्याशिवाय हा प्रोग्रॅम कडेचा लपवलेला भागही प्रतिमेत घेतो.

तक्रारीही आहेत. खिडकी नाही, बटणे नाहीत, आज्ञा टंकून द्यावी लागते. विंडोजवर तर तयार केलेली प्रत वेगळी शोधून उतरवावी लागते, त्यामुळे दुकानातल्या नव्या मुलाच्या हाती हे काम लगेच देता येत नाही. छपाईसाठी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, केलेल्या फाइलमधला कुंकवाचा लाल प्रतिमेत थोडा वेगळा उतरतो, म्हणून मोबाइलच्या पत्रिकेसाठी मी आरजीबीतली, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतली, वेगळी फाइल ठेवतो.

त्या व्यापाऱ्याला दुरुस्त पत्रिका दिली, तेव्हा ‘अक्षरं अजून पुसटच दिसायलीत’ असे त्यांनी कळवले. त्यांनी ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पुढे पाठवली होती आणि व्हॉट्सॲप फोटो पुन्हा दाबून लहान करते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितल्यावर मग फोन आला नाही.