वाड्यातला जुना गुलाब जपायचा तर छाट, गुटी की डोळा?

वाई, मिरज, सातारा अशा जुन्या वस्तीच्या गावांत परसातल्या गुलाबाचं नाव विचारलं, तर ‘गावठी’ एवढंच उत्तर मिळतं. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहणार असेल, तर खोदकाम सुरू होण्याआधी त्या झाडाची दुसरी प्रत तयार हवी. ती छाट (कापलेली फांदी) लावून, गुटी बांधून (फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडून) किंवा खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या दुसऱ्या गुलाबावर, डोळा (फांदीवरची कळी) भरून करता येते. बियांच्या वाटेला जाऊ नये, कारण बीपासून आलेलं रोप आईझाडासारखं निघत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. जात टिकवायची असेल तर निदान एक झाड स्वतःच्या मुळांवर असलंच पाहिजे, म्हणजे छाट किंवा गुटी. डोळा भरलेलं कलम हा जोडीचा उपाय. कलमाच्या खालून खुंट फुटत राहतो आणि दोन पावसाळे लक्ष दिलं नाही की वरची जात उपाशी मरते. मग घरचे म्हणतात, ‘फुलं बदलली’. स्वमुळावरचं झाड शेळीने खाल्लं किंवा जमिनीलगत कापलं गेलं, तरी खालून तीच जात वर येते. शिवाय गुलाबाचा मोझेक विषाणू कलमातून पसरतो. खुंट रोगट असला तर शंभर वर्षं निरोगी राहिलेल्या जातीला तो कायमचा चिकटतो. त्यावर फवारणी नाही.

आधी झाड ओळखा, कारण पद्धत त्यावर ठरते. गुलकंदाचा देशी गुलाब, म्हणजे दमास्क, फिकट ते मध्यम गुलाबी असतो. काटे बारीक-मोठे आणि दाट, पानं निस्तेज व मागून लवदार, फुलामागची हिरवी दलं लांब आणि पिसासारखी. मुख्य बहर उन्हाळ्याच्या तोंडावर. एडवर्ड हा बूर्बाँ गटातला गुलाब. या गटाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रियुनियन बेटावर झाली. फूल गर्द गुलाबी, वाटीसारखं. काटे त्या मानाने कमी, आणि झाड पुन्हा पुन्हा फुलतं. गर्द लाल, सुवासिक, नाजूक देठावर मान टाकणारं फूल आणि जांभळट कोवळी पालवी असेल, तर 1897 चा ‘ग्रुस आन टेप्लित्झ’ असण्याची शक्यता मोठी.

एडवर्ड, ग्रुस आणि चिनी गुलाब छाटांवर सहज येतात. त्यांच्यासाठी गुटीची खटपट करू नका. दमास्कच्या छाटा मात्र हट्टी. पण तो बुंध्यापासून थोड्या अंतरावर जमिनीखालून फुटवे काढतो. दिवाळीनंतर असा फुटवा मुळांसकट खणून, वरून अर्धा छाटून लावला, तर तिन्ही पद्धतींची गरज उरत नाही. फक्त मूळ झाड कलमी नाही याची खात्री करा, नाहीतर खुंटच जपून ठेवाल.

छाट

ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या फांद्या यासाठी उत्तम. फूल नुकतंच गळालेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. लांबी 15 ते 20 सें.मी., डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा तिरपा आणि डोळ्याच्या अर्धा सें.मी. वर. वरची एक-दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. आयबीए हे मुळं फुटायला मदत करणारं संजीवक 2000 पीपीएम (दहा लाखांत 2000 भाग) करायचं तर 200 मि.ग्रॅ. पावडर आधी 50 मि.लि. अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्याने 100 मि.लि. करा, नुसत्या पाण्यात ती विरघळत नाही. छाटीचं खालचं 2 सें.मी. टोक त्यात 5 ते 10 सेकंद बुडवा. माध्यम कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू समप्रमाणात. त्यात शेणखत घालू नका, छाटी कुजतात.

सर्वांत जास्त छाटी मरतात त्या घाईने. पंधरा दिवसांत पालवी दिसते आणि माणूस रोप कुंडीत हलवतो. ती पालवी फांदीतल्या साठ्यावर आलेली असते, मुळं अजून नसतात. सहा ते आठ आठवडे हात लावायचा नाही. छाट खालून काळी पडत गेली तर पाणी जास्त होतंय. वरून सुकत आली तर हवेत ओलावा कमी आहे, प्लॅस्टिकची बाटली उपडी घाला. माण, खटाव, जत या कोरड्या भागांत ही बाटली हवीच.

गुटी

एकच झाड उरलंय, फांद्या जाड आणि जुनाट, छाटी फुकट घालवायची हिंमत होत नाही, अशा वेळी गुटी. मूळ लागेपर्यंत फांदी आईच्या अंगावरच असते, त्यामुळे हीच सर्वांत कमी जोखमीची. जून-जुलैत वर्षभराची फांदी निवडा, बांधायच्या जागेचे काटे मोडा, नाहीतर प्लॅस्टिक फाटतं. अडीच सें.मी. रुंद सालीचं कडं काढा आणि खालचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडा. हा थर राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. गुटी फसण्याचं मुख्य कारण हेच. वरच्या कडेला आयबीए लावून, भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ) गुंडाळा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात वरची गाठ विशेष आवळा, पाणी आत मुरलं तर कड्याची जागा कुजते. पांढरी मुळं भरपूर दिसली की गुटीच्या खाली अर्धा काप घ्या, आठवड्याने पूर्ण तोडा. थकलेल्या झाडावर एका हंगामात दोन-तीनपेक्षा जास्त गुट्या नकोत.

डोळा

झाडावर दोनच काड्या जिवंत असतील, तर डोळा भरण्याला पर्याय नाही. छाटीला तीन-चार डोळे लागतात, इथे प्रत्येक डोळ्याचं एक झाड होतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ. दोन-तीन दिवस आधी खुंटाला पाणी द्या, म्हणजे साल सुटते. जमिनीलगत टी आकाराची चीर देऊन, पानाच्या देठासह काढलेला डोळा आत सरकवा आणि डोळा उघडा ठेवून पट्टी बांधा. पंधरा-वीस दिवसांनी देठ बोट लावताच गळाला तर डोळा धरला. सुकून चिकटून राहिला तर गेला.

सांगलीकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर खुंट निवडून घ्या. मल्टिफ्लोरा हा खुंट तिथे लोहाअभावी पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इंडिका ओडोराटा हा खुंट अशी जमीन जास्त सोसतो. स्वमुळावरचं नाजूक झाड अशा जागी कुंडीतच ठेवा.

‘सात पानांची फूट जंगली’ हा नियम जुन्या गुलाबांना लावू नका. दमास्कच्या पानालाही सात पर्णिका (छोटी पानं) येतात, आणि या समजुतीपायी खरी जातच कापली जाते. माती बाजूला करून फूट सांध्याच्या (डोळा भरलेल्या जागेच्या) वरून आली की खालून, ते पाहा. खालची असेल तर कापू नका, मुळापासून ओढून काढा.

पद्धत कुठलीही निवडा, प्रती दोन ठिकाणी ठेवा. कृष्णाकाठच्या पूररेषेत सगळी झाडं नकोत. 2005, 2019 आणि 2021 चे पूर सांगलीने पाहिलेत, आणि गुलाबाची मुळं साचलेल्या पाण्यात गुदमरतात. प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमची पट्टी बांधून खिळ्याने कोरा: कुठल्या गावच्या कुठल्या वाड्यातून, कोणत्या महिन्यात आणलं, स्वमुळावर आहे की कुठल्या खुंटावर. मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते.