चार माणसांचा तंबू: वर्षभर वापरल्यानंतर

तंबू घ्यायचा तर आत एक आणि बाहेर एक अशा दुहेरी कापडाचाच घ्या, हे आधीच सांगून टाकते. आम्ही मागच्या दिवाळीनंतर घेतला. चार माणसांचा, घुमटाच्या आकाराचा, समोर छोटी ओसरी, वजन पाच किलोच्या आसपास, किंमत दहा हजारांच्या घरात. थंडीत, उन्हाळ्यात आणि जूनच्या पावसातही वापरून झालाय. बहुतेक वेळा भंडारदऱ्याकडेच, कारण नाशिकहून घोटीमार्गे ते जवळ पडतं आणि माझं निम्मं लहानपण त्याच रस्त्यावर गेलंय.

माझा पहिला तंबू शाळेच्या गाईड पथकाचा होता. जाड कॅनव्हासचा, खाकी, दोघींनी मिळून उचलायचा. उभा केला की आधी कुदळीनं भोवती चर खणायचा, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरून निघून जातं. बाईंची सक्त ताकीद असायची की पाऊस सुरू झाल्यावर कापडाला आतून बोट लावायचं नाही. ओल्या कॅनव्हासला जिथे हात लागेल तिथून पाणी झिरपायला लागतं, आणि मग पाऊस थांबेपर्यंत ते थांबत नाही. कोणीतरी बोट लावायचंच, आणि त्या थेंबाखाली पातेलं ठेवून आम्ही रात्र काढायचो.

आताच्या पॉलिएस्टरला ही भानगड नाही. आमच्या तंबूच्या बाहेरच्या कापडावर 3000 मिलिमीटर असं लिहिलंय. म्हणजे त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आरपार येत नाही. दुकानात हा आकडा बघाच, आणि तळाचा वेगळा विचारा. आपण गुडघे टेकतो, कोपरं रोवतो, त्या दाबानं पाणी खालून वर येऊ शकतं, म्हणून तळ जास्त दमदार हवा. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हेही बोट फिरवून पाहा.

जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला गेलो तेव्हा याची खरी परीक्षा झाली. मध्यरात्रीनंतर घाटघरच्या बाजूनं वारा सुटला आणि पाठोपाठ पाऊस. तंबू पार एका अंगाला झुकत होता. मुलगा झोपलेलाच होता, मुलगी माझा हात घट्ट धरून बसली. तासाभरानं जोर ओसरला तेव्हा बॅटरी लावून कोपरे चाचपले, सगळे कोरडे. मात्र सकाळी एक दांडी उभी चिरलेली निघाली. फायबरग्लासच्या दांड्यांचं हे असंच होतं. सोबत आलेली धातूची नळी चिरेवर सरकवून चिकटपट्टी गुंडाळली, ती अजून टिकून आहे. पण वाऱ्याच्या जागी वारंवार जाणार असाल तर थोडे जास्त पैसे घाला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांचा घ्या.

खुंट्या मात्र अगदीच कुचकामी. सह्याद्रीत वीतभर मातीखाली कातळ लागतो, या बारीक तारा तिथे लगेच वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून जाड लोखंडी खुंट्या आणल्या, आणि जिथे त्याही जात नाहीत तिथे दोरी मोठ्या धोंड्याला बांधतो.

थंडीतली गोष्ट वेगळी. जानेवारीत पहाटे मुलीनं हलवून उठवलं, "आई, पाऊस आत आला." बाहेर आभाळ स्वच्छ, चांदण्या दिसत होत्या. चार जणांच्या श्वासातली वाफ बाहेरच्या गार कापडाला आतून लागते, तिचं पाणी होतं. दुहेरी कापडात ते पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जातं. फक्त दोन्ही कापडं एकमेकांना चिकटता कामा नयेत. तिच्या पायांशी ती चिकटली होती. दोऱ्या ताणून मध्ये चार बोटांचं अंतर केलं, वरच्या झडपा उघडल्या, आणि ओल थांबली. गारठ्याच्या भीतीनं झडपा बंद करू नका. आणि अगदी पाण्याच्या काठावर तंबू लावण्यापेक्षा थोडं चढावर लावा, तिथे दंव कमी असतं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. लहानपणी बाबा आम्हाला रतनवाडीला न्यायचे तेव्हा आमच्याकडे तंबू नव्हता. सतरंजी, कंदील, रॉकेलचा स्टोव्ह आणि आईनं बांधून घेतलेली शिदोरी. गावातल्या एका घराच्या पडवीत झोपायचो. त्या घरातली मावशी चुलीपुढे मला शेजारी बसवून नागलीची भाकरी थापायला शिकवायची. माझी भाकरी दर वेळी कडेला फाटायची, ती ओल्या बोटांनी सांधून तव्यावर टाकायची आणि तीच मला वाढायची. अमृतेश्वराच्या मंदिरातली एकेक मूर्ती, रतनगडाचं नेढं म्हणजे खडकातलं आरपार भोक, पावसाआधी कोणत्या सादड्याच्या झाडावर काजवे लागतात, हे सगळं मला त्या घरानं दाखवलं. पुढे कॉलेजात हरिश्चंद्रगडाच्या गुहांमध्ये राहिलो तेव्हाही जेवण पाचनईतल्या घरातच व्हायचं.

तंबू आला की ही गरज संपते, आणि मला तेच खटकतं. जलाशयाच्या काठी ओळीनं लावलेल्या तंबूंमध्ये रात्र काढून लोक परत जातात, गावातल्या कुणाशी चार शब्दही बोलत नाहीत. मोठ्यानं लावलेली गाणी आणि दिव्यांच्या माळा यांत काजवेही दिसत नाहीत. त्या किड्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते, प्रखर उजेडात ती हरवते. म्हणून आम्ही तंबू गावातच लावतो. आधी विचारायचं, खळं किंवा अंगण मिळालं की मालक सांगतील ते पैसे द्यायचे आणि जेवण त्यांच्याच घरी करायचं. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावतो. आमची मुलं आता तिथल्या पोरांबरोबर दिवसभर करवंदं शोधत हिंडतात, अंधार पडल्यावर हाका मारून आणावं लागतं. तंबूनं आम्हाला कुणाची अडचण न करता कुटुंबासकट राहायची सोय दिली, हे त्याचं मोठं देणं. पडवी मात्र सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

देखभालीचं थोडक्यात सांगते. ओला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकलात तर पाणी अडवणारा आतला लेप चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. मग तो दुरुस्त होत नाही. घरी आलो की आधी गॅलरीत दोरीवर पसरतो, बाकीचं सामान नंतर. वॉशिंग मशीनमध्ये अजिबात नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. दाराच्या चेनमध्ये वाळू अडकते, ती जुन्या टूथब्रशनं काढायची.

चार माणसांचा म्हणतात, पण कंपन्या माणशी जेमतेम 55-60 सेंटिमीटर रुंदी धरतात. आम्ही दोघं आणि दोन मुलं छान मावतो, चार मोठ्यांना तो अपुरा पडेल. मार्चमध्ये आई आमच्याबरोबर आली. पूर्वीच्या सहलींत तिचा सगळा वेळ स्वयंपाकातच जायचा. या वेळी ती ओसरीत बसून नातवंडांना नक्षत्रं ओळखायला शिकवत होती. जाड गादी घातल्यावर झोप चांगली लागली तिला, पण रात्री वाकून बाहेर पडताना गुडघे फार दुखले. दाराशी घडीचं स्टूल ठेवलं, त्याला धरून उठणं जमायला लागलं. घरातली वयस्कर माणसं येणार असतील तर आत उभं राहता येईल असा उंच तंबू बघा. वजन वाढतं, पण गाडीनं जाणार असाल तर त्यानं काही बिघडत नाही.