थंडीत ‘मायलेज वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

मिनेसोटात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय. हिवाळ्यात गाडीचं ॲव्हरेज पडतं आणि नेमकं तेव्हाच काही गॅरेजवाले गिऱ्हाईक गाठतात.

जानेवारीत आमच्या गाडीचं ॲव्हरेज फारच उतरलं, चेक इंजिनचा दिवाही लागला. घराजवळच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून दिवा घालवला आणि ३५० डॉलरचं ‘विंटर पॅकेज’ गळ्यात मारलं: पेट्रोलच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर लावतो ती जागा) खोचायची एक डबी. “ही डबी तुमची गाडी चालवायची सवय शिकते. दीडशे मैल चालवा, मग फरक बघा,” असं त्याचं म्हणणं.

खरी हातचलाखी पुढेच होती. ‘आधीचं’ ॲव्हरेज त्याने कडाक्याच्या थंडीतलं धरलं, तेही पोरांना शाळेत सोडण्याच्या जवळच्या फेऱ्यांचं. ‘नंतरचं’ मोजायला बोलावलं ते बर्फ वितळायला लागल्यावर. तापलेल्या इंजिनावर मीटर शून्यावर आणला, हायवेवर चक्कर मारली आणि वाढलेला आकडा दाखवला.

तो आकडा हवा बदलल्यामुळे वाढला होता. इथल्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज २५ अंश सेल्सियसच्या मानाने उणे ७ अंशांत सुमारे १५ टक्के कमी मिळतं. तीन-चार मैलांच्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. ऑइल घट्ट होतं, इंजिन तापायला वेळ लागतो, टायरमधली हवा उतरते, हिवाळी पेट्रोलमध्ये ऊर्जाही थोडी कमी असते. ऊन पडलं की यातलं बरंचसं आपोआप सुधारतं. त्यामुळे जानेवारीत गाडीला काहीही लावा, एप्रिलमध्ये ते लागू पडल्यासारखं वाटणारच.

काही दिवसांनी चेक इंजिनचा दिवा परत लागला. दुसऱ्या मेकॅनिकने कोड वाचला, पी-०१२८. इंजिन हवं तेवढं तापतच नव्हतं, कारण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा राहून अडकला होता. हीटरची हवा कोमट यायची, तापमानाचा काटा मध्यावर चढायचा नाही, ते त्यामुळेच. इंजिन गार राहिलं की पेट्रोल जास्त जळतं. पहिल्या गॅरेजच्या पावतीवर हाच कोड छापलेला आहे! दुखणं काय ते त्यांना दिसत होतं. ते तसंच ठेवून त्यांनी चुंबक विकले, याचा मला आजही संताप येतो.

इलेक्ट्रॉनिक्समधल्या एका मित्राने ती डबी उघडली. गाडीच्या कॉम्प्युटरशी संपर्क होतो तो ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून, आणि तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. १६ नंबरच्या पिनेवरून बॅटरीचा करंट घ्यायचा आणि हिरवा दिवा लुकलुकवायचा, एवढंच तिचं काम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर उपकरणं तपासली आहेत. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलेलं नाही.

थंडीत उपयोग होतो तो ब्लॉक हीटरचा (उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम करणारा हीटर; निघण्याआधी दोन तास टायमरवर लावा), टायरची हवा वेळच्या वेळी भरण्याचा, मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडच्या ऑइलचा आणि चार कामं एकाच फेरीत उरकण्याचा. दिवा लागला तर तो घालवू देण्याआधी कोड लिहून घ्या आणि त्याचा अर्थ विचारा.

कुणाची अशी फसवणूक झाली असेल तर पावती आणि स्कॅनचा कागद जपून ठेवा. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करता येते. मी दोन्हीकडे केली आहे.