काटा खाली आला आणि मी निर्धास्त झालो

चढावर गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मी लगेच इंजिन बंद केलं आणि गाडी टो करून गॅरेजला नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या सांध्यातलं सील. मी घाबरून हो म्हणालो. गॅस्केट गेलं की सहसा पांढरा धूर, दुधाळ झालेलं ऑइल, कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) बुडबुडे असं काहीतरी दिसतं. माझ्या गाडीत यातलं एकही लक्षण नव्हतं.

गाडी परत मिळाली तेव्हा काटा मधल्या खुणेच्या बराच खाली. "बघा साहेब, इंजिन किती थंड चालतंय!" मलाही बरं वाटलं. इंजिन जितकं थंड तितकं चांगलं, अशीच माझी समजूत होती, आणि तिचाच त्याने फायदा घेतला. बहुतेक गाड्यांत कूलंटचं तापमान साधारण 85 ते 105 अंश सेल्सिअस असायला हवं. इंजिन सतत त्याखाली राहिलं तर इंधन जास्त जळतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, झीज वाढते. महिनाभरात ॲव्हरेज पडलं, हीटरचा वारा कोमट झाला आणि चेक इंजिनचा दिवा लागला.

दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावून गाडी हायवेवर पळवली. कूलंट जेमतेम 60 अंश! थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप. तिचं हाउसिंग (कवच) उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नाही. मग त्याने टॉर्च मारून हेडचा सांधा दाखवला. तेल-धुळीची जुनी खपली जशीच्या तशी. हेड कुणी उघडलंच नव्हतं.

मुळात थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला होता. त्यातलं मेण तापून फुगलं की साधारण 82 ते 90 अंशांच्या आसपास झडप उघडू लागते. ती उघडली नाही तर इंजिन उकळत असतानाही रेडिएटर गारच राहतो. पहिल्या मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून फेकला आणि पैसे मात्र हेडच्या कामाचे घेतले.

तुम्हाला कुणी हेड गॅस्केट सांगितलं, तर आधी लीक टेस्ट करायला लावा. कूलंटच्या टाकीवर निळं द्रव भरलेली नळी धरतात. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. हेड उघडल्यावर समोर उभे राहा, जुनं गॅस्केट मागून घ्या. मी नंतर मागायला गेलो, तर "भंगारात गेलं" म्हणाला. पावतीवर फक्त "इंजिन काम" लिहिलेलं, त्यामुळे पुढे काहीच करता आलं नाही.